मुंबईत एमएमएस करतोय, पण ती 'मजा' नेमकी कुठं ठेवलीय?

आडतवाला_लातूर

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढायलो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी लातूरचा. वडील मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहेत. बीकॉम झाल्यावर दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, मग एमएमएससाठी, म्हणजे एमबीएसारख्याच दोन वर्षांच्या कोर्ससाठी, सीईटी दिली. प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये माटुंग्याच्या बाजूचं एक कॉलेज लागलं आणि ऑगस्टमध्ये दोन बॅगा, एक गादी आणि आईनं दिलेली शेंगाचटणी घेऊन लातूर एक्स्प्रेसनं सीएसएमटीला उतरलो. मुलुंडला तिघांत एक खोली. शैक्षणिक कर्ज साडेआठ लाख. भाडं, मेस आणि येणं-जाणं वजा केलं की महिन्याला चार हजार हातात राहतात. त्यातच झेरॉक्स, मोबाइल आणि ग्रुपचं कॉन्ट्री.

अभ्यासाबद्दल विचारत नाही, तो होतोय. प्रश्न थोडा येडपट वाटेल. घरी फोन केला की जो तो म्हणतो, "मुंबईत आहेस बाबा, मज्जा आहे तुझी." आणि मला कळंना झालंय की ही मजा ठेवलीय कुठं.

वर्गातली निम्मी पोरं मुंबईचीच. शनिवारी प्रेझेंटेशनं संपली की त्यांचा लोअर परळ नाहीतर बांद्र्याचा बेत ठरतो. दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी मी लिंबू सोडा आणि अर्धी प्लेट फ्राइज घेतल्या. बिल आलं, कुणीतरी मोबाइलवर भागिले नऊ केलं आणि माझ्या वाट्याला अठराशे चाळीस आले. गप्प दिले. पुढचे बारा दिवस बाहेरचा चहासुद्धा प्यालो नाही. सीनियर सांगतात, "जायलाच पाहिजे रे, हेच नेटवर्किंग." तिथं आवाज एवढा असतो की शेजारच्याचं आडनाव ऐकू येत नाही, नेटवर्किंग कशाचं करता?

मग एका रविवारी एकटाच मरीन ड्राइव्हला गेलो. कठड्यावर बसलो. समोर समुद्र, मागं गाड्या, दोन्ही अंगाला जोड्या. खरं सांगतो, वीस मिनिटांत कंटाळा आला. परतीच्या गाडीत वाटलं, लोक ज्या शहरासाठी जीव टाकतात तिथं आपल्याला कंटाळा येतो म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी असणार.

दोन वर्षांतले चार महिने गेलेसुद्धा. मे-जूनला समर इंटर्नशिप, पुढं प्लेसमेंटची धावपळ. ज्यांनी बाहेरगावाहून येऊन, बेताच्या पैशात इथं एमबीए-एमएमएस केलंय त्यांनी सांगावं: तुम्ही मुंबईत राहिलात म्हणजे नेमकं काय केलंत? यादी नको. यादी गूगलवर आहे, आणि गेटवे बघून झालंय.

कसारा_फास्ट

पास काढलास का? विद्यार्थ्याचा? कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म घे, अर्ध्या पैशात मिळतो. पण पंचविशीपर्यंतच, म्हणून आत्ताच काढ. तीन महिन्यांचा काढ, म्हणजे दर महिन्याला खिडकीवर उभं राहायला नको. मजेचं नंतर बोलू.

चौथी_सीट

अरे आडतवाल्या, तुझं मरीन ड्राइव्हचं वाचून हसले, कारण मला घारापुरीला रडू आलं होतं.

मी चाळीसगावची. २०१४ ते २०१६, एमएमएस, माटुंग्यातच. तू 'नको' म्हणतोस ना, ती यादी मी पहिल्या सेमिस्टरला वहीत केली होती, पुढे चौकोन काढून. गेटवे, घारापुरी, हाजी अली, राणीची बाग, जुहू. दर रविवारी एक चौकोन भरायचा. घारापुरीच्या पायऱ्या चढून वर गेले, त्रिमूर्तीसमोर उभी राहिले आणि डोक्यात काय, तर कॉस्टिंगच्या असाइनमेंटची फायनल फाइल नक्की कुणाच्या पेनड्राइव्हवर आहे. खाली उतरताना डोळ्यांतून पाणी. बोटीतल्या एका आजींनी मला आवळा सुपारी दिली, त्यांना वाटलं बोट लागली.

मुंबई मला पहिल्यांदा आवडली ती चर्चगेट स्टेशनबाहेर, आणि तीही कॉलेजच्या कामात. ऑपरेशन्सच्या सरांनी डबेवाल्यांवरचा हार्वर्डचा केस, म्हणजे अभ्यासासाठी लिहिलेली धंद्याची हकिगत, वाचायला दिला होता. केसमध्ये सगळं छापलेलं होतं: १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी धंदा कसा सुरू केला, पाच हजारांच्या आसपास माणसं, झाकणावरच्या रंगीत खुणा. सरांनी विचारलं, प्रत्यक्ष कुणी बघितलंय? साठ जणांच्या वर्गात एक हात वर नाही. मुंबईकरांचाही नाही! हार्वर्डवाले बोस्टनहून येऊन बघून गेले आणि आम्ही माटुंग्याहून गेलो नव्हतो.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघी एक लेक्चर बुडवून अकरालाच तिथं जाऊन उभ्या राहिलो. साडेअकराच्या सुमाराला मालडब्यातून लांब लाकडी पाट्या उतरायला लागल्या. एकेका पाटीत तीस-चाळीस डबे, ती डोक्यावर घेऊन माणूस चालत नाही, पळतो. मग फुटपाथवर डबे मांडायचे आणि फेरवाटणी. कुणीही काहीही वाचत नव्हतं. अमुक इमारत, तमुक मजला, हे सगळं झाकणावर दोन अक्षरांत आणि एका रंगात असतं, आणि नजर तिथं पडायच्या आत हात डबा उचलून दुसऱ्या पाटीत ठेवत होता. वीसेक मिनिटांत फुटपाथ रिकामा. एका काकांनी विचारलं, "काय पोरींनो, पेपरवाल्या का?" म्हटलं, नाही, कॉलेजच्या. "मग आज डबा नाही आणला?" ते जुन्नरकडचे. चैत्रात गावच्या जत्रेला सगळे जातात तेव्हा आठवडाभर डबे बंद असतात, हे त्यांनी सांगितलं. चुका जवळपास शून्यावर आणायच्या त्या 'सिक्स सिग्मा'बद्दल विचारलं तर म्हणाले, "चूक झाली तर गिऱ्हाईक उपाशी राहतं, एवढं आम्हाला माहीत." त्या केसमधलं माझ्या लक्षात राहिलेलं एवढं एकच वाक्य, आणि ते केसमध्ये नव्हतंच.

परतताना लक्षात आलं की मला नुसतं बघायला जाण्यात रस नाही. कुणीतरी काम करतंय, चार प्रश्न विचारता येतायत, पुन्हा गेलं तर ओळख दाखवतायत, हे असेल तर मी तासन्‌तास उभी राहते. तुझंही तसंच असणार, आडतीवर वाढलेला पोरगा तू. समुद्राकडे बघून काय मिळणार तुला, समुद्र भाव सांगत नाही.

मग मी एक केलं. बुधवारी आमची लेक्चरं तीनला संपायची. ग्रुपला सांगून टाकलं, बुधवारी तीननंतर मी नाही. मीटिंग नाही, पीपीटी नाही, फोन नाही. पहिले दोन आठवडे कुरकुर झाली, मग सगळे बुधवार टाळूनच वेळा ठरवायला लागले. आपण सोडून कुणाचं काही अडत नाही हे कळणंही बरं असतं.

त्या बुधवारचं काय करायचे? फार काही नाही. माटुंगा स्टेशनसमोर पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडुपी आहे, १९४२ पासूनचं. तिथं कूपन घ्यायचं, नंबर लागेपर्यंत थांबायचं आणि मग जिथं खुर्ची रिकामी असेल तिथं, अनोळखी माणसांच्या टेबलावर बसायचं. केळीचं पान, भात, सांबार, रसम, कूट्टू. तिथं मला एक तमिळ आजोबा भेटायचे. रसम आधी की सांबार आधी यावरून त्यांनी माझी शाळा घेतली आणि तिथून ओळख झाली. आयुष्य लोअर परळच्या एका गिरणीच्या हिशेब खात्यात गेलेलं. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा गोदामात किती कापूस पडून होता आणि बँकेनं हात कसा आखडला, हे ते पानावर बोटानं आकडे काढून सांगायचे. वर्किंग कॅपिटल, म्हणजे धंदा रोजचा चालवायला लागणारा पैसा, मला पुस्तकातून समजलं नव्हतं, ते त्या पानावर समजलं. तू जिथं अठराशे चाळीस भरलेस ना, तिथल्या कितीतरी बारांच्या, मॉलच्या जागी गिरण्याच होत्या. पुढच्या वेळी बाहेर पडून वर बघ, गिरणीची एखादी धुराची चिमणी अजून दिसेल.

रविवारी दुपारी नाटक. शिवाजी मंदिर किंवा यशवंत. माझ्या वेळी बाल्कनी दीडशेला मिळायची, आता जास्त असेल, तरी तुझ्या लिंबू सोड्यापेक्षा स्वस्त. मध्यंतरात बटाटेवडा. एकटं जायला लाजू नकोस, दादरला एकटी नाटक बघणारी माणसं पुष्कळ असतात आणि ती बोलायला उत्सुक असतात. कधीकधी जास्तच.

पैशाचं मात्र स्पष्ट बोल, आणि बिल यायच्या आधी बोल. "मी जेवून आलोय, माझं मी वेगळं देतो." पहिल्यांदा कान तापतात. तिसऱ्यांदा कुणाचं लक्षही नसतं. मी हे बोलले त्या दिवशी आणखी दोघी हळूच म्हणाल्या, आमचंही वेगळंच करा. म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या तिघी इतके दिवस तोंड दाबून भरत होतो!

आणि त्या नऊ जणांतल्या एकाला तुझ्या जागी ने. मी बांद्र्याच्या एका मुलाला रामा नायकांकडे नेलं होतं. समोर अनोळखी माणूस येऊन बसल्यावर तो मला विचारतो, "हे आपल्याबरोबर आहेत का?" आजही तो भेटला की त्या जेवणाचीच गोष्ट निघते, लोअर परळच्या एकाही रात्रीची नाही.

प्लेसमेंटला या सगळ्याचा उपयोग झाला का? काडीचा नाही. मुलाखतीत मला रसम कुणी विचारलं नाही.

फोर्टातला_कारकून

चौथी सीट ताईंचं सगळं मान्य, पण बुधवारची संध्याकाळ कशाला? मुंबईची संध्याकाळ पैसेवाल्यांची असते. सकाळ सगळ्यांची.

मी १९७८ साली बँकेत लागलो. शाखा फोर्टात, घर डोंबिवलीला, ३६ वर्षं. तुम्ही फायनान्सवाले दिवसभर सेन्सेक्सचं नाव घेता म्हणून सांगतो, तो सुरू झाला १९८६ मध्ये, पण त्याचं आधारवर्ष १९७८-७९, तेव्हा १०० धरलेला. म्हणजे मी आणि सेन्सेक्स, आम्ही एकाच वर्षी कामाला लागलो. तो कुठल्या कुठे गेला. मी डोंबिवलीतच आहे.

आडतवाले, रविवारी सकाळी साडेसहाला सीएसएमटीला उतरा. फोर्ट तेव्हा रिकामा असतो, इमारती वरपर्यंत दिसतात. चालत फ्लोरा फाउंटन, तिथून हॉर्निमन सर्कल, मग टाउन हॉलच्या पायऱ्या. १८३३ ची इमारत, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय तिथंच. पायऱ्यांवर बसा. मागे वळलात की दलाल स्ट्रीट. १८७५ मध्ये शेअर दलालांची संस्था झाली, त्याआधी ते झाडाखाली उभे राहून सौदे करायचे. तुमच्या यार्डातल्या लिलावाहून फार वेगळं नसणार. येताना धोबी तलावाला कयानीत बन मस्का आणि चहा. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल आहे, टेबलांवर लाल चौकटीची कापडं. गर्दी वाढायच्या आत जा.

पहाटे उठवत असेल तर ससून डॉक, नाहीतर दादरचा फूलबाजार. पाच वाजता दादरला पश्चिमेला उतरलात की झेंडूच्या वासावरून वाट सापडते. तिथं भाव कसा पडतो ते बघा. सकाळचा शेवंतीचा भाव दुपारी राहत नाही, कारण माल टिकत नाही. तुमची तूर वर्षभर टिकते. हा फरक वर्गात शिकवतात की नाही कल्पना नाही.

क्रिकेट आवडत असेल तर ओव्हल किंवा आझाद मैदानाच्या कडेला उभे राहा, तिकीट नाही. कांगा लीग १९४८ पासून आहे, पावसाळ्यासाठीच काढलेली. चिखलात बॅटिंग बघून माणसाला प्लेसमेंटची भीती वाटेनाशी होते.

एक कबूल करतो. त्या टाउन हॉलच्या पायऱ्या माझ्या शाखेपासून पाच मिनिटांवर होत्या. नोकरीत असताना एकदाही चढलो नाही. ८.१७ ची गाडी, टेबल, परत गाडी. निवृत्तीनंतर नातवाला दाखवायला गेलो तेव्हा पहिल्यांदा चढलो. नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही कुठल्या खोलीत बसायचात? मी म्हटलं, मागच्या गल्लीत.

सेम_थ्री

मी सध्या सेकंड इयरला आहे, कॉलेज सांगत नाही. चौथी सीट ताई, तुमचा बुधवार वाचून हेवा वाटला. आता तसं जमत नाही हो. आमची गेस्ट लेक्चर्स रात्री नऊला ऑनलाइन असतात, कारण वक्ते ऑफिस सुटल्यावरच मोकळे होतात. कॉलेजच्या विद्यार्थी कमिट्यांच्या मीटिंगा त्यानंतर. मी ज्या कमिटीत होते तिथं बॅनरचा निळा रंग कुठला यावर पहाटे दोनपर्यंत चर्चा झालीय. दादा, एकाच कमिटीत जा. दोन घेतल्यास तर मुंबई विसर.

आणि एक गोष्ट मुलींसाठी. माझ्या पीजीचं गेट साडेदहाला बंद होतं. त्यामुळे 'मुंबई रात्री जागते' वगैरे मला लागू नाही. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो, गाडीत भीती वाटत नाही. भीती आँटीची वाटते.

माझी मजा मधल्या वेळेतली आहे. कॉलेज लवकर सुटलं तर माटुंग्याला गाडी न पकडता चालत सुटते: दादर टीटी, हिंदमाता, परळ, लालबाग. लालबागच्या चिवड्याच्या गल्लीत पाव किलो घ्यायचा आणि करी रोडला गाडी पकडायची. एप्रिलमध्ये जा, मसाल्याच्या डंकांवर मिरची कुटत असतात, अख्खी गल्ली शिंकत असते. घरोघरच्या बायका आपापल्या मसाल्यासमोर स्टुलावर बसून राखण करतात, कुणाच्यात कुणाची मिरची मिसळू नये म्हणून. इन्व्हेंटरी कंट्रोल, दादा!

फेब्रुवारीच्या आसपास काळा घोडा फेस्टिव्हल असतो, फुकट. पण शनिवार-रविवारी गर्दी मरणाची, मधल्या वारी दुपारी जा. जहांगीर आर्ट गॅलरी तर वर्षभर फुकट, एसी आहे आणि उन्हाळ्यात मी खरं म्हणजे एसीसाठीच गेले होते. तिसऱ्या वेळेपासून चित्रं बघायला लागले.

आणि शिवडीचे फ्लेमिंगो. हार्बरने जायचं. थंडीत यायला लागतात, मेपर्यंत असतात. भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघ. मी पहिल्यांदा न बघता गेले, पाणी इतकं आत गेलेलं की फ्लेमिंगो म्हणजे लांबवर एक पुसट गुलाबी रेघ. बरोबरचा मुलगा म्हणाला, हे तर माझ्या एक्सेलचा ग्राफ वाटतोय.

कसारा_फास्ट

साडेआठ लाख कर्ज डोक्यावर आणि तुम्ही सगळे त्याला पहाटे पाचला फुलं बघायला पाठवताय. मुलुंडहून रोज उभ्यानं येतो पोरगा, माटुंग्याला फास्ट थांबत नाही, म्हणजे स्लोच पकडत असणार. त्याला म्हणा रविवारी झोप. झोप पण फुकट आहे मुंबईत.

चौथी_सीट

कसारा, झोपही घेऊ दे की. बुधवारी रामा नायकांकडचं पान संपवल्यावर जी झोप येते तिला तोड नाही. आडतवाल्या, बाकी काही करू नकोस, एकदा चर्चगेटला जाऊन ये आणि इथं येऊन लिही.

आडतवाला_लातूर

ताई, जाऊन आलो. उशिरा लिहायलो, मिडटर्म होत्या.

काल गुरुवार होता, एक लेक्चर बुडवलं. कुठलं ते लिहीत नाही, सर इथं असले तर पंचाईत. माटुंगा रोडहून चर्चगेट, अकराला हजर. माझ्याबरोबर वर्गातला घाटकोपरचा एक पोरगा आला, त्याचं पुढं सांगतो.

पाट्या उतरल्या, मांडल्या, वाटल्या, सगळं ताई म्हणाल्या तसंच. करोनानंतर डबे पुष्कळ कमी झालेत असं एकजण म्हणाला, बरीच माणसं गावाकडंच राहिली. तरीपण त्यांच्या हाताचा वेग बघून मी येडा झालो. एका डब्याच्या झाकणावरची खूण त्यांनी मला वाचून दाखवली: कुठल्या स्टेशनाहून निघाला, कुठं उतरायचा, कुणाच्या हाती जायचा, कितवा मजला. मी वहीत उतरवून घेतलं. त्यांनी वही बघितली आणि हसले, "आम्ही कधी लिहून नाही घेतलं."

रात्री वडिलांना फोन केला. एरवी आमचा फोन दोन मिनिटांचा. जेवलास का, पैसे आहेत का, ठेवतो. काल मी सगळं सांगत बसलो आणि ते ऐकत बसले. मग म्हणाले, "यात नवल काय? आमच्या पोत्यांवर पण खुणाच असतात की. आडतीची एक, खरेदीदाराची एक. हमालाला कुठं वाचता येतंय, तरी एक पोतं चुकत नाही." मी लहानपणापासून त्या लाल शाईच्या खुणा बघत आलोय. कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "डबा तर पोचला. त्यांचा बारदाना परत कसा येतो?" बारदाना म्हणजे आमच्याकडं रिकामी पोती.

मी म्हटलं, रिकामा डबा त्याच वाटेनं दुपारी घरी जातो, सकाळी आला तसाच.

"ते ठीक. एखादा नाहीच आला परत, तर भरून कोण देतं? पोचवणारा का उचलणारा? आमची निम्मी भांडणं बारदान्यावरून असतात."

मला उत्तर आलं नाही. केस आता मीपण वाचलाय, लायब्ररीत बसून. मला त्यात सापडलं नाही, का माझ्याच नजरेतून सुटलं, काय की. आता एकदा दुपारी दोनला जायला पाहिजे, परतीच्या वेळी. वडील म्हणाले, विचारून सांग. आज सकाळपासून दोनदा आठवण करून दिलीय.

घाटकोपरच्या पोराचं असं झालं. गेल्या शनिवारी परत लोअर परळचा बेत निघाला. मी बसायच्या आधीच म्हणालो, माझं मी वेगळं देतो. गाणी एवढ्या मोठ्यानं लागली होती की मला ते ओरडून सांगावं लागलं, आणि नेमकं तेव्हाच गाणं संपलं. सगळ्या हॉटेलला कळलं. कान तापले म्हणजे भाजलेच. तर हा म्हणाला, "मेरा भी." बाहेर आल्यावर दोघांनी मिळून वर बघितलं, चिमणी दिसली नाही, बहुतेक उलट्या बाजूनं बाहेर पडलो होतो. करी रोडपर्यंत चालत गेलो तेव्हा कळलं की त्याच्या आजोबांचं भुलेश्वरला सुताचं दुकान होतं. चार महिने शेजारी बसतोय, आडनावापलीकडं काही माहीत नव्हतं.

कारकून काका, फूलबाजाराला या रविवारी जाणार. फुलांचा भाव दुपारपर्यंत कसा उतरतो ते वडिलांना पण ऐकायचंय.

बुधवारचं ग्रुपला सांगितलंय. दोघं चिडलेत.

कसारा_फास्ट

सगळं वाचलं. पास काढलास का?

आडतवाला_लातूर

फॉर्म मागायला दोनदा गेलो दादा. एकदा खिडकी लंचला बंद, एकदा म्हणाले फॉर्म संपलेत, सोमवारी या.

कसारा_फास्ट

पंचवीस कधी पूर्ण होतायत?

आडतवाला_लातूर

फेब्रुवारीत.

कसारा_फास्ट

मग सोमवारी सकाळी साडेनऊला त्या खिडकीसमोर उभा राहा. फुलं नंतर बघ.